पाडवा

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेंजच्या दोन कांड्या येतात.
तिथं बसून मी रोज तोच मेल उघडते:
आपली विनंती विचाराधीन आहे.
सहीच्या जागी शिक्का, शिक्क्यात खजुराचं झाड.

दुसऱ्या शाळेनं अकरावीचं भौतिकशास्त्र देऊ केलंय,
खोलीला खिडकी असेल म्हणाले.
पण कुवेतचा अकामा पहिल्या शाळेच्या नावावर,
तीन वर्षं भरायला सात महिने कमी.
त्यांनी सोडलं तर सुटले.
नाहीतर सप्टेंबरात परत पाचवी ब,
आणि कपाटाच्या किल्लीसाठीही अर्ज.

बाबा कोणाचा तरी डवरा परत करून येतात,
शेजारी टेकतात.
चोवीस वर्षं सालदारी, चार मालक.
"पाडव्याले घोंगडं उचललं, इळा घेतला,
ढोमन्याइकून निंघालो, राऊताच्या कोठ्यात टेकवला.
जवारीचा हिशेब झाला की झालं.
तुले इतके कागद कायले लागते माय?"

मी म्हणते, बाबा, तिकडं घोंगडंही त्यांचंच असतं.

ते तंबाखू मळतात. अंगठा मधेच थांबतो.
"एका साली म्याबी पाडव्याआधी सोडलं.
तुही माय बाळंतीण, अन् ढोमने जाऊ देये ना."

मग?

"मंग काय. रातीच निंघालो.
चपला राह्यल्या त्याच्या दारात."

मोबाईल थरथरतो.
रिचार्ज संपत आल्याचा मेसेज.

बाबा माझ्या तोंडाकडं बघत विचारतात,
"आला का वं पाडवा?"