डावीकडे ओढणारी

हँडल सैल सोडलं की ती डावीकडे जाते.
शिरसईच्या सरळ रस्त्यावर तीनदा करून पाहिलं,
तीनदा डावीकडेच, शेताच्या बांधाकडे,
जणू तिथं कुणी ओळखीचं उभं आहे.

पुनाजी म्हणाला होता, टायर झिजलेत, बाकी काही नाही.
म्हापशाच्या स्टँडवर एकोणीस वर्षं पायलट होता तो.
पुढच्या मडगार्डचा पिवळा
खरचटलं की काळ्याखालून अजून वर येतो.
मी किंमत पाडून मागितली. त्यानं दिली.
लगेच दिली.
तेव्हाच कळायला हवं होतं.

करासवाड्याला रुझार मेस्तच्या शेडमध्ये
पहिला प्रश्न: कोण चालवणार?
मीच, म्हटलं. दूध संस्थेत फॅट मोजते,
पहाटे साडेचारला अस्नोड्याहून निघते.
मग त्यानं त्यातलं काही विचारलं नाही.
समोर उकिडवा बसला, एक डोळा मिटला.
चाक सरळ, हँडल वाकडं.
"आता दोघांतलं खरं कोणाचं मानायचं?"
असं म्हणून काच आणायला आत गेला.

काच एका बंद पडलेल्या तावेर्नच्या कपाटाची,
कडा पॉलिश पेपरनं मारलेल्या,
कोपऱ्यात फेणीच्या दराचे अर्धे पुसलेले आकडे.
मडगार्ड उतरवलं. फोर्कच्या दोन नळ्यांवर
ती आडवी टेकवली आणि बोटानं एक कोपरा दाबला.
टक्.
समोरचा दाबला.
टक्.
चारी कोपरे टेकायला हवे होते,
एक अधांतरी.
पाण्याच्या दुधात लॅक्टोमीटर असाच
कुणाचं नाव न घेता खाली बसतो.

नळ्या बाहेर काढून त्याच काचेवर लोळवल्या.
त्या गुमान लोळल्या, कुठं उसळल्या नाहीत.
वाकलेल्या नाहीत, रुझार म्हणाला, नशीब तुझं.
नुसता पीळ आहे.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
हा तर क्लॅम्पच्या चार बोल्टांत अडकून बसलेला.

बोल्ट सैल केले. चाक फणसाच्या बुंध्याला टेकवलं,
मला म्हणाला, गुडघ्यांत धर, घट्ट, लाजू नकोस.
त्यानं हँडल पिळलं.
काच. टक्.
पुन्हा पिळलं, थोडं जास्त झालं,
काच आता दुसऱ्या कोपऱ्यावर. टक्.
शेजारच्या पोराला रेडिओ बंद करायला लावला.
पुन्हा पिळलं, केसभर.
कोपरा दाबला. समोरचा दाबला.
काच बोलली नाही.
आम्हीही थोडा वेळ बोललो नाही.

मग ब्रेक धरून दहा वेळा पुढून दाबायला लावलं,
ज्याला जिथं बसायचंय तिथं बसू दे.
आवळताना खालचे आधी, वरचे नंतर,
आसाची नट सगळ्यांत शेवटी.
साडेतीनशे घेतले. काच धुवून ठेवली.

शुक्रवारच्या बाजारात पुनाजी भेटला.
एक फेरी मारू? म्हणाला. चावी दिली.
दहा पावलं नीट गेला, आणि सरळ उजवीकडे,
मडक्यांच्या राशीपासून वीतभर अलीकडे
कसाबसा थांबला. मडकीवाली काय काय बोलली.
"बिघडवलीस तू गाडी," तो म्हणाला. तोंड पांढरं.

मग चहावर, हळूच:
दोन हजार अकरा साल, थिवीचा उतार,
मागे बसलेली बाई, तिची बांगड्यांची पाटी,
गाडी गटारात आणि बांगडे रस्ताभर.
बाईला काही झालं नाही. बांगड्यांचे पैसे भरले.
गाडी दाखवायला पैसे उरले नाहीत,
म्हणून हातालाच शिकवलं.

बोलता बोलता त्यानं बशी पुढं सरकवली.
टेबल सपाट होतं.
बशी उजवीकडे गेली.