कोरा रकाना

सोमवारी सातला फोन, बोहिनच्या येर्नेयचा:
"शून्य. भांड्यात एक मुंगी आहे, ती धरायची का?"
मी हसले नाही. एकोणीस वर्षं
हाच विनोद तो मुंगी बदलून सांगतो.
मग हळूच, रकान्यात न बसणारं:
"गवत कापून पाडलंय. तीन दिवस उघडीप द्या, बाई."
जणू उघडीप माझ्याच खणात आहे,
स्टेपलरशेजारी.

स्लोव्हेनिया एवढासा. हातरुमाल.
एक कोपरा समुद्रात भिजलाय,
दुसऱ्याला डोंगराची गाठ,
पदराला मारतात तशी, काहीतरी विसरू नये म्हणून.
हवेला मात्र तेवढ्यात
चार ऋतू पसरायला जागा होते.

मंगळवारी पूर्वेला, प्रेकमुर्येत, छत्तीस अंश.
गिझेला सांगते, धुराड्यावरचा करकोचा
पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरून उभा आहे
काल दुपारपासून,
आणि तिच्या नवऱ्याच्यानं एक छत्री दुरुस्त होत नाही.
त्याच वेळी डोंगरमाथ्यावरच्या खोलीतून ब्लाझ:
"वारा वायव्येचा. लोकरी मोजे घातलेत."
दोन्ही मी एकाच शाईनं लिहिलं.

बुधवारी फ्लावियनं भलत्याच वेळी फोन केला,
दुपारी तीनला, सेचोव्ल्येच्या मिठागरातून:
"इटलीकडून ढग येतोय. किती?"
म्हटलं, चार-पाच मिलिमीटर. फार तर.
"चार-पाच," तो म्हणाला,
आणि फोन न ठेवताच पळाला.
मला ऐकू येत राहिलं:
ढकलगाडीचं लाकडी चाक,
कुणाला तरी हासडलेली शिवी,
पत्र्यावर एक थेंब,
मग सगळेच.
नुकत्या धरलेल्या मिठावर गोडं पाणी पडलं
की काहीच आवाज होत नाही म्हणतात.
माझ्या तक्त्यात ४.६.
ओळीतला सगळ्यात चिमुकला आकडा.

गुरुवारी साविन्याच्या खोऱ्यात गारा,
अक्रोडाएवढ्या. कुणी म्हणालं, अंड्याएवढ्या.
दरवर्षी कोंबड्या मोठ्या होत जातात.
हॉप्सचे वेल सात मीटर तारांवर चढले होते,
बिअरच्या वाटेवर.
अर्ध्या तासानं नुसत्या तारा.
तोंचका विचारते, "भांडंच फुटलंय. काय लिहू?"
"फुटलं, असं लिहा."
"आणि पडलं किती?"
"ते आता जमिनीला विचारा."
असं बोलायला नको होतं मी.

शुक्रवारी सात वाजले. सव्वासात.
बोहिन गप्प.
विपावाहून स्तोयान ओरडत होता, बुरा वारा सुटलाय,
कौलांवर ठेवलेला धोंडा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला.
ब्लाझकडे दोन सेंटिमीटर बर्फ. जुलैचं.
मी येर्नेयच्या रकान्यावर बोट ठेवून बसले.
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस.
नियम आहे: कोरं म्हणजे शून्य नव्हे.
शून्य कुणीतरी जाऊन, वाकून, पाहून आलेलं असतं.
कोऱ्यात कुणी गेलेलंच नसतं.
नव्या मुलांना पहिल्या दिवशी हे शिकवते मी.
ती मान हलवतात,
मीही हलवली होती तशीच, न कळता.

साडेअकराला फोन. तोच, घसा बसलेला:
बुधवारी भिजलं, गुरुवारी उलटलं,
रात्री दोनला ढगाला भोक पडलं, चंद्र आला,
तेव्हा सगळे उठले, सुना, नातवंडं, पाहुणा आलेला पोस्टमन,
आणि गवत माचाच्या दांड्यांवर चढवलं, पहाटेपर्यंत,
मग बुटांसकट झोपले.
"पाऊस किती झाला?"
"बाई, अंधारात भांडं मीच लाथाडलं."

मी लिहिलं: नोंद नाही.
शेजारी पेन्सिलनं, पुसता येईल असं:
गवत घरात.

शनिवारी देशभर ऊन, जसं काही झालंच नाही.
फ्लाविय म्हणाला, "शून्य,"
आणि थोडं थांबून, "पहिल्यापासून."

रविवारी सुटी.
वर न बघताच बाल्कनीत कपडे वाळत घातले.
भिजले.