तेरीज

पाण्याच्या टाकीची सतरावी पायरी.
सोळावीवर सर अडकतात,
अठरावीवर वारा माईकमध्ये शिरतो.
सिंदेवाहीपासून नऊ किलोमीटरवर, रात्री नऊला,
भांडी पालथी घालून
मी वही मांडीवर घेते, हिशेब शिकते.

पडद्यावर एक्केचाळीस गोल, गोलात एकेक अक्षर.
चेहरा कुणाचाच नाही; चेहऱ्याला डेटा लागतो.
पहिला महिनाभर आम्ही एवढंच बोललो:
येस सर. नो सर.
आवाज कटून राह्यला सर.

ओळख झाली ती माईक बंद करायला विसरलेल्यांची.
तेल्हाऱ्याच्या अझरमागे पिठाची चक्की.
एटापल्लीच्या दुलसाकडे रातकिडे, इतके
की सर म्हणायचे, पंखा बंद करा हो कुणीतरी.
आणि धारणीच्या फुलवंतीचा कोंबडा,
रोज साडेनऊला बांग देणारा,
त्याची पहाट त्यालाच ठाऊक.
माझ्याकडून त्यांना काय ऐकू जात होतं
ते मला बरेच दिवस कळलं नाही.

मग घसाऱ्याच्या धड्याला कोंबडा नव्हता.
दुसऱ्या रात्रीही नव्हता.
तिसऱ्या रात्री अझरनं चक्की थांबवली.
"काहून बाप्पा, धारणीवाली कुठं गेली?"
पत्ता कुणाजवळच नाही. आडनाव कास्देकर,
पण कास्देकर तिकडे गावोगाव.
अझरचा मामा परतवाड्याला,
मामाच्या ओळखीचा धारणी गाडीचा कंडक्टर,
कंडक्टरच्या ओळखीची एक आशाताई.
पाचव्या दिवशी निरोप त्याच वाटेनं उलटा आला:
रिचार्ज संपला. मजुरी निघाली की मारते.
सरांना सांगजा, उदाहरण सोडवून ठेवलं आहे.

दोनशे एकोणचाळीस रुपये.
त्याच रात्री कुणीतरी मारले.
सवयीनं मी नोंद लिहायला घेतली.
फुलवंती कास्देकर खाते, नावे, दोनशे एकोणचाळीस.
जमा कुणाच्या?
विचारलं तर सगळे गोल गप्प.
येस नाही, नो नाही.
चक्कीसुद्धा गप्प.

तेरीज जुळेना.
सर म्हणाले, फरक सापडत नसेल
तर तूर्त सस्पेन्स खात्यात टाका,
चूक सापडली की ते खातं बंद करता येतं.
मी टाकला.
शोधायला गेले नाही.

सोमवारी साडेनऊला कोंबडा आरवला
आणि सगळे माईक एकदम उघडले.
चक्की, रातकिडे, कुणाचं रडकं लेकरू,
कुणाच्या सासूचा खोकला,
आर्णीकडची कुणी विचारतेय, जेवली का वो?
सर हॅलो हॅलो करत राहिले.
त्या गलक्यातून फुलवंती म्हणाली,
"अन् ते टाकीवाली बाई हाये ना?
तिचं पानी पडून राह्यलं ना अजून, टपटप?"

हाव, म्हटलं, आहे.

टाकी गळते.
ग्रामपंचायतीला दोन अर्ज देऊन झाले.
तिसरा लिहून वहीत ठेवला आहे,
घसाऱ्याच्या पानात.
अजून दिला नाही.