लॅरिंगोस्कोप, रात्रपाळी

बल्ब लुकलुकला. नखानं पिळून घट्ट केला.
डाव्या हातात पातं, जीभ बाजूला.
वर उचल. दातांवर टेकू नको.

फेस, लाळ, खोल कुठेतरी सुताची धूळ.
मग दिसले: दोन पांढरे पट्टे, मधे काळोख.
साखर पेठेत आजोबांच्या मागावर
ताणा असाच उघडायचा, पळभर,
तेवढ्यात धोटा पार.
नळी गेली.

सकाळी राजय्या चिलवेरी जागे.
नळी आहे, आवाज नाही.
ओठ हलतात. मला कळेना.

नरसम्मा वाकली. तीस वर्षं
कारखान्याच्या खडखडाटात
दोघं ओठांनीच बोलत आलेले.

"विचारायलेत," ती म्हणाली,
"इतकं शांत कसं?
लाइट गेली का?"