काढण्याचा क्रम

सिस्टर युलालियानं माझ्या हातमोज्यांवर
पाण्यात कालवलेली हळद फासली,
इस्पितळाच्या रांधणीतून वाटीभर मागून आणलेली.
"ही हळद म्हणजे तीन नंबरच्या खोलीतला खोकला.
आता काढ सगळं. बघूया कुठं कुठं लागतो."

बाहेर फोंड्याच्या स्टँडवर कंडक्टर ओरडत होता
सावर्डें, सावर्डें, सावर्डें,
आणि मी, लग्नाला अठरा दिवस झालेली,
गाऊनच्या आत घामानं निथळत
विसरले, पहिलं काय.

घालणं मला पाठ होतं.
हात, गाऊन, मागची नाडी, मास्क,
नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची,
एका हाताच्या चिमटीनं मधे टोक येतं
नि दोन्ही बाजूंनी वारा शिरतो.
ओंजळ धरून जोरात श्वास सोडायचा,
पापण्यांना झुळूक लागली तर पुन्हा बसवायचा.
मग चष्मा. शेवटी मोजे, बाहीवर ओढून.
पाढ्यासारखं येत होतं.

काढण्याचा पाढा मात्र वेगळा असतो.

मोजा मनगटाशी चिमटीत धरला,
उलटा सोलत आणला,
आणि तो अडकला.
बाहीखाली हिरवा चुडा, या हातात सात.
मी ओढलं.
टर्र.

मग घाईच झाली. गाऊन, चष्मा, मास्क,
कशानंतर काय ते आठवत नाही.
आरसा धरला तेव्हा
हनुवटीवर एक बोट पिवळं,
कानामागं एक ओघळ,
बांगड्यांच्या फटीफटीत हळद.
वॉर्डबॉय सावियो हसला,
"सिस्टर, हिला परत हळद लागली!"
सगळे हसले. मीही.
युलालिया नाही.

"फटींत बघ," ती म्हणाली,
"तिथं साबण पोचत नाही.
तिथं बसूनच तो तुझ्या घरी जेवायला येतो."

मी म्हटलं, काकणकारानं भरल्यात.
सासूबाई रोज दिवेलागणीला मोजतात,
तोंडानं नाही, नजरेनं.
आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.

"आमच्यातही भरतात चुडो, बाय.
माझा कॉन्स्तांसियोच्या पेटीवर फुटला,
कडेवर आपटून, मीच आपटला.
ते खाणीच्या धुळीनं झालं की माझ्यामुळं,
डॉक्टर सांगू शकला नाही.
मी तेव्हा मास्क गळ्यात ठेवायची."

मग तिनं बेसिनवर माझे हात ओढून घेतले,
कोपरापर्यंत फेस केला,
अंगठ्याच्या बुडाचं हाड आत दाबलं,
दुखलं,
आणि एकेक बांगडी सरकवत आणली,
सासरच्यांनी ज्या वाटेनं चढवली त्याच वाटेनं.
चौदा.
गॉझच्या रिकाम्या डब्यात किणकिणल्या.
एकही फुटली नाही. एकही वाढली नाही.
फक्त उतरल्या.

पुन्हा हळद. पुन्हा सगळं.
मोजे, आतली बाजू बाहेर करून. हात.
गाऊन, खांद्यापासून, अंगापासून दूर गुंडाळत. हात.
चष्मा, कानाकडून. हात.
दाराबाहेर येऊन, दार लावून,
मास्क, मागच्या पट्ट्यांनी, समोर बोट न लावता.
हात.
"किती वेळा हात?" सावियोनं विचारलं.
"तुझ्या पगारापेक्षा जास्त," युलालिया म्हणाली.

दुपारी खोलीत गेले.
तिस्क-उसगावचा बाबुसो, ट्रकवाला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा,
थुंकीची डबी पुढं करत म्हणाला,
"तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता गो, डोळेच डोळे.
सकाळच्या बाईच्या हातात काकणं वाजत होती,
ती तुम्हीच?"
मी म्हटलं, "ती मीच."
आणि डबीचं झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी सावईवेऱ्याला पोचले,
डब्यातून चौदाच्या चौदा परत हातात.
सासूबाईंची नजर मनगटावरून गेली,
समाधान झालं, मग वर आली, कानापाशी थांबली.
"तुझी हळद अजून निघाली नाही गो?"

माझा हात तिकडं जायला निघाला
आणि खांद्याशी थबकला.
"थांबा," मी म्हटलं,
"आधी साबण."