चंची

हरभट रोडला, जिन्याखालच्या दुकानात
दिलावर तांबोळी नखानं डबी उघडतो.
पोरगं म्हणतं, पेनड्राइव्हची हाय.
बरं, म्हणतो दिलावर.

आत एक थोरला सेल, पोट जरा फुगलेलं.
त्याच्यापाशी पावणेचार व्होल्ट.
चिप ते ढकलून पाचावर चढवते,
चढणीला थोडं ऊन होऊन सांडतं.
स्प्रिंगवर उभ्या दोन सोनेरी टाचण्या
नळी बसली की तिला पाजतात;
ती भरली की चिपच हात आखडते.

एका टाचणीवर हिरवट गंज.
खिशातला घाम.

आज्याच्या चंचीला नुसती नाडी होती,
चुन्याची डबी.
ती कधी दुरुस्तीला आली नाही.

सेल काढून वाळूच्या डब्यात टाकतो दिलावर.
"बापाला ठाव हाय का रं?"

पोरगं रिकाम्या डबीचं झाकण
लावतं, उघडतं, लावतं.
चुंबक अजून धरतोय.
टक्.