कोपराएवढी उंची

भिशी लागली. एक्केचाळीस हजार,
शाळेच्या तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घालून
आर्वीच्या बाजारात गेले.
अकरा वर्षं दीडशे पोरांची खिचडी रांधली,
वाकून, जमिनीवरच्या शेगडीवर.
आता घरी ओटा करायचा, ओट्याखाली कपाटं,
एक मिक्सर, आणि उरलेच तर फ्रीज.

"हे पंचेचाळीस रुपये फूट, हे एकशे दहा,"
दुकानदाराने दोन फळ्या समोर धरल्या.
वरून दोन्ही पिस्ता रंगाच्या, जुळ्या.
मी पेराने ठोकून पाहिलं, टरबूज पाहतात तसं.
दोन्ही गोडच बोलल्या.
"दोन्हीचा एकेक तुकडा दे," म्हटलं,
"पैसे मंग."

तीन दिवस तुकडे बादलीत.
जाऊ हसली, "लाकडाले आंघोळ घालतं काय वं?"
सोमवारी पंचेचाळीसवाला फुगला होता
चहात विसरलेल्या टोस्टासारखा.
बोटाने दाबला तर भुसा.
एकशे दहावाला कडेनं जरासा रुसला, बस.

रात्री पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
नळाखाली, मोरीच्या अंगाला, महाग.
वर, जिथं दिवाळीला उतरणारा
चकलीचा सोऱ्या बसेल, तिथं स्वस्त.
सगळ्यांनाच काही पाणी लागत नाही.

मिक्सर साडेसहा हजारांचा, चकाकता, पाच वर्षांची गॅरंटी.
"अन् बिघडला तं?"
"नागपूरले न्या लागते ताई. सेंटर तेथी आहे."
म्हणजे रोजी बुडवून, एसटीत,
आजारी लेकरासारखा मांडीवर घेऊन.
माझं अर्धं तिकीट, त्याचं काय घेतील कोण जाणे.

मग बसस्टँडमागे शकीलभाईच्या टपरीत गेले.
कोणता चांगला, हे विचारलंच नाही.
विचारलं, "तुमच्यानं कोन्ता उघडते?"
त्यांनी फळीवरच्या एका साध्यासुध्याकडे हनुवटी केली.
"याची कॉइल माह्यापाशी आहे. ब्रश बी."
तीन हजार दोनशे.
शेंगदाण्याची चटणी जरा भरड होते.
भरडच खातो आम्ही.

फ्रीजवर चांदण्या मोजल्या. याला तीन, त्याला पाच.
जितक्या चांदण्या जास्त तितकं बिल कमी म्हणे.
आमच्याकडे लाईन गेली
की अंगणातून वाट्टेल तितक्या दिसतात,
फुकट.
फ्रीज राहू दिला. नवा माठ घेतला,
तोही तीन ठिकाणी वाजवून.

रुषी सुतार आला. टेप काढला.
भिंत मोजली, खिडकी मोजली, मग माझ्याकडे वळला.
"उभ्या राहा जी. कनीक मयता तसे हात करा."
कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडला,
कानामागची पेन्सिल काढली, पुटपुटला,
"तयार ओटे चौतीस इंचाचे. तुमाले एकतीस पायजे."

ब्लाऊजशिवाय माझं माप
आजवर कोणी घेतलं नव्हतं.
घसा खाकरून मी भावावर आले.
"ह्या एकतीसचे किती जास्त घेशीन?"
तो टेप गुंडाळत म्हणाला,
"लाकूड कमी लागते वहिनी.
जास्तीचे कायचे घेऊ?"

आता घरी पोळ्या लाटताना
पाठ माझी आहे हे विसरायला होतं.
शाळेत मात्र अजून वाकूनच.
तिथंही ओटा होणार आहे, कपाटांसकट.
तीन कोटेशनं आली,
हेडमास्तरांनी सगळ्यात कमीवाल्यावर सही केली.
नियमच आहे म्हणाले.

मी काही बोलले नाही.
त्या माणसाकडून हातभर फळी मागून घेतली,
आणि शाळेच्या हापशीजवळच्या बादलीत,
सगळ्यांना येता-जाता दिसेल अशी,
बुडवून ठेवली आहे.
आज दुसरा दिवस.